दमून बसला आहे की पोचून?

गोव्यात राहणाऱ्या माणसाला हिवाळ्याचे उदास चित्र समजावून सांगणे तसे अवघडच, कारण आपल्याकडे हिवाळा हा वर्षातला सर्वांत सुखाचा काळ असतो. पौषात फातर्प्याची जत्रा होते, माघात कवळ्याची. काजूला मोहोर येतो, पहाटे पांघरूण सोडवत नाही आणि दुपारी चार पावले चालले तरी घाम येत नाही. हेमंत आणि शिशिर ही नावे आपण शाळेत ऋतूंच्या यादीत पाठ केलेली असतात, पण जगणे अडवून धरणारा ऋतू म्हणून त्यांची आपल्याशी कधी गाठ पडलेली नसते. त्यामुळे युरोपातले एखादे बर्फाळ निसर्गचित्र समोर आले की आपण ‘किती शांत, किती स्वच्छ’ असे म्हणून पुढे सरकतो, आणि ज्या लोकांसाठी ते रंगवले गेले त्यांना त्यात जी धास्ती दिसत असे ती आपल्या नजरेतून निसटते. धास्तीच दिसली नाही, तर त्या चित्रात आशा आहे असे समीक्षक का म्हणतात, तेही उलगडत नाही.

या लेखात मुख्यतः एकाच चित्राकडे पाहायचे आहे. कास्पार डेव्हिड फ्रीडरिख (१७७४–१८४०) या जर्मन चित्रकाराने १८११च्या सुमारास रंगवलेले ‘हिवाळी निसर्गदृश्य’ आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याची रुंदी ४५ सेंटिमीटर आणि उंची साडेबत्तीस, म्हणजे एखादे मासिक उघडून टेबलावर ठेवले तर जेवढी जागा व्यापेल त्याहून किंचित मोठे. चित्रात जवळजवळ काहीच नाही असे प्रथमदर्शनी वाटते. खाली बर्फाची सपाट जमीन, मध्ये सूचिपर्णी झाडांचा एक छोटा पुंजका, त्याला लागून काही खडक, आणि मागे धुके. थोडा वेळ थांबल्यावर कळते की धुक्यात एका गॉथिक चर्चची आकृती उभी आहे आणि तिचे टोकदार मनोरे पुढच्या झाडांच्या शेंड्यांची री ओढत आहेत. त्याहून अधिक वेळ थांबल्यावर झाडांत एक क्रूस दिसतो, आणि अगदी शेवटी, खडकाला पाठ टेकून हात जोडून बसलेला एक माणूस. त्याच्या कुबड्या बर्फात टाकून दिलेल्या आहेत.

पेडणे तालुक्यातल्या एका ग्रामवाचनालयात हे चित्र दाखवण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी त्याची एक मोठी छापील प्रत काढून घेतली. दुकानदाराने कौतुकाने प्रत हातात दिली आणि माझा चेहरा पडला. बर्फ कोऱ्या कागदासारखा पांढराफटक आला होता, धुके राखेसारखे, आणि चर्च जवळजवळ नाहीसे झाले होते. त्याच्या यंत्राने ‘सुधारणा’ करून चित्रातला निळसरपणा काढून टाकला होता. फोटोत नको असलेली निळी झाक काढावी तसा. दुसऱ्या प्रतीचे पैसे मलाच भरावे लागले, पण या चुकीमुळे एक गोष्ट शिकवण्याची आयती सोय झाली, म्हणून मी दोन्ही प्रती घेऊन गेलो.

ती गोष्ट अशी की चित्रातला बर्फ पांढरा नसतो. ताजा बर्फ आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणून आकाशाचा जो रंग असेल तोच तो अंगावर घेतो. उघड्या आकाशाखाली बर्फावर पडलेली सावली निळी दिसते, कारण तिथे थेट ऊन पोचत नाही आणि उजेड येतो तो केवळ निळ्या आकाशाचा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८६८–६९च्या हिवाळ्यात कुंपणाच्या फाटकावर बसलेल्या एका पक्ष्याचे बर्फाळ चित्र काढले, तेव्हा त्याने या सावल्या सरळ निळ्या रंगवल्या. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने ते चित्र १८६९ साली नाकारले. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयातल्या सर्वांत लाडक्या चित्रांपैकी एक आहे. फ्रीडरिखचे काम मोनेच्या अर्धशतकाहून आधीचे आणि स्वभावाने निराळे आहे. त्याच्या धुक्यात सावल्या नाहीत. त्याने रंगांची निवड फार मोजकी ठेवली, आणि त्यांत स्माल्ट नावाचा निळा रंग वापरला, जो कोबाल्ट मिसळलेल्या निळ्या काचेची पूड करून तयार होतो. काचेची पूड असल्यामुळे तो पातळ लावला की अर्धपारदर्शक राहतो. हा रंग त्याने बारीक टिंबांनी हलकेच टेकवत नेला, त्यामुळे धुके कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगता येत नाही. क्षितिजाकडे त्याच धुक्याला फिकट गुलाबी झाक येते. पहाट होत आहे, एवढेच त्या झाकेतून कळते; सूर्य कुठेही काढलेला नाही.

दोन प्रती शेजारी ठेवल्यावर वाचनालयातल्या मंडळींना हे एका क्षणात दिसले. पहिल्या प्रतीत नुसती थंडी होती, दुसऱ्या प्रतीत थंडी आणि उजेड दोन्ही होते, आणि दोहोंतला फरक म्हणजे कागदावर धड दिसणारही नाही इतका थोडा रंग. निराशेच्या चित्रात आशा कशी दाखवतात, या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर बऱ्याच अंशी एवढेच आहे. चित्रकार वरून काही आणून चिकटवत नाही, करड्या रंगाच्या पोटातच तो ऊब ठेवतो.

प्रकाशाबद्दल आणखी एक गोष्ट गोव्याच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवी. फ्रीडरिख १७९८पासून मरेपर्यंत ड्रेस्डेन शहरात राहिला, आणि ते शहर ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या २१–२२ तारखेला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि भर दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून साडेपंधरा अंशच वर चढतो. पणजीत त्याच दिवशी दुपारचा सूर्य ५१ अंशांवर असतो आणि दिवस अकरा तासांहून मोठा. म्हणजे आपल्याकडे मिरामारला सूर्य बुडायच्या तासाभरापूर्वी जसे तिरपे, थकलेले ऊन असते, तितकेच ऊन तिथल्या माणसाला भर मध्यान्ही मिळते, आणि तेही ढग नसले तर. अशा ठिकाणी क्षितिजावरची गुलाबी रेघ ही सजावट राहत नाही. ती बातमी असते.

आता त्या माणसाकडे वळू. त्याला नीट समजून घ्यायचे तर त्याच्या जोडचित्राची माहिती हवी. जर्मनीतल्या श्वेरिन शहराच्या संग्रहालयात याच सुमाराचे आणि जवळजवळ याच आकाराचे फ्रीडरिखचे दुसरे हिवाळी चित्र आहे. त्यात बर्फाने भरलेले माळरान आहे, वाळलेले, पिळवटलेले ओक वृक्ष आहेत, तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत, आणि त्यांच्यामध्ये कुबड्यांवर वाकलेला एक अगदी बारका माणूस समोरच्या पोकळीकडे पाहत उभा आहे. ना वाट, ना घर, ना चर्च. लंडनच्या चित्राशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी एक प्रत डॉर्टमुंडच्या संग्रहालयातही आहे, आणि ही दृश्ये जोडीने पाहायची आहेत यावर अभ्यासकांचे साधारण एकमत आहे. पहिल्यात तो चालतो आहे आणि कुठेही पोचत नाही; दुसऱ्यात कुबड्या खाली पडल्या आहेत.

ही जोडी मी सांगून संपवली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मला थांबवले. वर्षभरापूर्वी त्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते आणि अजूनही त्या वॉकर घेऊन चालत. त्यांनी विचारले, “मास्तर, तो तिथे दमून बसलाय, की पोचून बसलाय?”

मी आजवर या चित्रावर जे काही वाचले होते त्यात हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मला कुठे भेटला नव्हता. सर्वसाधारण स्पष्टीकरण असे असते की हा श्रद्धेचा चमत्कार आहे, पांगळ्याला क्रूसापाशी बळ मिळाले आणि त्याने कुबड्या भिरकावल्या. गोव्यातल्या माणसाला हे स्पष्टीकरण लगेच पटते. वळणावळणावर क्रूस आणि संध्याकाळी त्यापाशी तेवणारी मेणबत्ती हे आपल्या रोजच्या रस्त्याचेच दृश्य आहे; जुन्या गोव्याच्या फेस्तात मेणाचे हात-पाय विकायला असतात, ज्याचा जो अवयव दुखतो त्याने तो वाहावा म्हणून; आणि म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला तेल घेऊन जाणाऱ्यांत हिंदू मंडळीही असतात. तेव्हा क्रूसापाशी टाकलेली कुबडी आपल्याला परकी नाही. परंतु चित्र नीट पाहिले तर एक गोष्ट खटकते. तो माणूस उभा राहिलेला नाही. बरे झालेला पांगळा दाखवायचा असता तर चित्रकाराने त्याला चालताना दाखवले असते. हा तर खडकाला टेकला आहे, थंडी तितकीच आहे, आणि चर्च अजून दूर, धुक्यापलीकडे आहे. अनेक अभ्यासक म्हणूनच त्या चर्चला मृत्यूनंतरच्या आश्वासनाचे रूप मानतात: या जगाची वाट संपली, पुढची दिसू लागली. म्हणजे आजींच्या प्रश्नाला ‘दोन्ही’ असेही उत्तर देता येते.

खडक आणि झाडे यांचा अर्थ मात्र अंदाजाने लावावा लागत नाही. १८०८ साली फ्रीडरिखने डोंगरमाथ्यावरच्या क्रूसाचे एक चित्र वेदीसाठी रंगवले, त्यावर वाद झाला आणि त्याला स्वतःच त्याचा खुलासा लिहावा लागला. खडक म्हणजे न ढळणारी श्रद्धा आणि क्रूसाभोवतीची सदाहरित झाडे म्हणजे माणसांची आशा, असे त्याने त्यात स्पष्ट म्हटले आहे. हिवाळी चित्रात तोच शब्दसंग्रह आहे. ओक हिवाळ्यात पाने टाकतो, सूचिपर्णी वृक्ष टाकत नाही. श्वेरिनच्या चित्रात ओक आहेत, लंडनच्या चित्रात सूचिपर्णी. आपल्याकडे बरीच झाडे बाराही महिने हिरवी असल्यामुळे ‘हिरवे राहणे’ यात काही पराक्रम वाटत नाही. जिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत प्रत्येक पानझडी झाड सांगाडा होऊन उभे असते, तिथे एक हिरवा पुंजका केवढा मोठा वाटत असेल, ते कल्पनेनेच जाणावे लागते.

फ्रीडरिखच्या आयुष्याचा दाखला इथे नेहमी दिला जातो, आणि तो देताना जरा सावध राहिलेले बरे. त्याची आई तो लहान असतानाच, १७८१ साली गेली. १७८७ साली बर्फ फुटून त्याचा धाकटा भाऊ पाण्यात बुडाला. कास्पारला वाचवताना तो बुडाला, अशी आठवण सांगितली जाते. १८११ हा नेपोलियनच्या युद्धांचा काळ होता आणि जर्मन प्रदेश त्यात भरडून निघत होते. हे सगळे खरे आहे, पण ‘भाऊ बर्फात गेला म्हणून तो बर्फ रंगवत राहिला’ असे सरळ गणित मांडणे मला तरी पटत नाही. बर्फाचे भय त्याला माहीत होते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. ज्याला ते माहीत नसते त्याचा बर्फ नाताळच्या शुभेच्छापत्रावरचा बर्फ होतो, आणि तिथे आशेला काही कामच उरत नाही.

इथे एक भेद करायला हवा. आशा आणि तग धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हिवाळी चित्रांवरच्या लिखाणात त्यांची सरमिसळ फार होते. फ्रीडरिखच्या चित्रात आशा आहे. एकटा माणूस आहे आणि त्याचे लक्ष पलीकडे लागले आहे. तग धरणे म्हणजे काय ते पाहायचे तर त्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षे मागे जावे लागते, पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराच्या ‘बर्फातले शिकारी’ या चित्राकडे. १५६५ सालचे हे चित्र व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे, चांगले ११७ सेंटिमीटर उंच आणि १६२ सेंटिमीटर रुंद. त्याआधीचा १५६४–६५चा हिवाळा युरोपात फार कडक गेला होता. अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक नावाच्या व्यापाऱ्यासाठी ब्रूगेलने वर्षातल्या वेगवेगळ्या काळांची चित्रमालिका केली, तिच्यातले हे एक. मालिकेतली पाच चित्रे आज शिल्लक आहेत.

चित्रात तीन शिकारी आपल्याकडे पाठ करून, कुत्र्यांच्या मरगळलेल्या घोळक्यासह टेकडीवरून गावाकडे उतरत आहेत. सगळ्यांत मिळून शिकार काय, तर भाल्याला लटकवलेला एक कोल्हा. डावीकडच्या खानावळीची पाटी एका आकड्यावरून निसटून लोंबते आहे आणि कोणीही ती सरळ करायला गेलेला नाही. आकाश हिरवट राखाडी आहे. खाली गिरणीच्या पाणचक्कीवर बर्फ गोठला आहे, म्हणजे दळण बंद. एवढे वाचले तर हे निराशेचेच चित्र वाटेल. पण खानावळीच्या दारात जाळ पेटला आहे आणि माणसे त्यावर मारलेले डुक्कर भाजून सोलायच्या तयारीत आहेत, म्हणजे हिवाळ्याची बेगमी चालली आहे. पुलावरून एक बाई सरपणाचा भारा घेऊन निघाली आहे. आणि दूर खाली, गोठलेल्या तळ्यांवर, मुंगीएवढी माणसे घसरत, पडत, एकमेकांना ओढत खेळत आहेत. कोणीही आकाशाकडे पाहून प्रार्थना करत नाही. ज्याचे त्याचे काम चालू आहे, आणि ज्याला काम नाही तो बर्फावर घसरतो आहे.

हे चित्र समजायला गोमंतकीयाला बर्फाची गरज नाही, पुरुमेंत आठवले की पुरे. मे महिन्यात आपल्याकडे घरोघर पावसाळ्याचे पुरुमेंत भरले जायचे, अजूनही काही घरांत भरले जाते. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोलां, कांद्यांच्या माळा. सरपण झापांखाली रचून ठेवायचे, कारण एकदा पाऊस लागला की बाहेर पडणे आपल्या हातात राहत नसे. आजही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात, आणि त्या दिवसांत एखाद्या मच्छीमार वाड्यावर गेलात तर माणसे जाळी तुणत बसलेली दिसतात. कोणी त्यांना ‘आशावादी आहात का’ असे विचारत नाही. ऋतू अडवणार हे धरूनच त्यांनी वर्षाचा हिशेब मांडलेला असतो. ब्रूगेलच्या गावात हेच चालले आहे, आणि तग धरणे हा शब्द मी याच अर्थाने वापरतो आहे. त्यात मोठा भाव नाही, पण त्याच्याशिवाय फ्रीडरिखच्या माणसाला प्रार्थना करण्याइतके आयुष्यही लाभले नसते.

माझ्या आवडीचे विचाराल तर मला ब्रूगेल अधिक जवळचा वाटतो. फ्रीडरिखकडे मात्र मी पुन्हा पुन्हा जातो, एका बारीकशा तपशिलासाठी. चित्राच्या पुढच्या भागात, अगदी खालच्या बाजूला, बर्फातून गवताची पाती वर आलेली आहेत. क्रूस, चर्च, पहाट या सगळ्यांना अर्थ लावून ठेवलेले आहेत, ते धर्माच्या भाषेत बोलतात, आणि ती भाषा न मानणारा वाचक तिथे थांबू शकतो. गवताला असा कोणताच करार लागत नाही. ते फक्त थंडीत टिकले आहे. आपल्या सड्यांवर मे महिन्यात उभे राहून पाहा. जांभा दगड इतका तापलेला असतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आणि त्यावर जे काही उरलेले असते ते काळे, करपलेले, हाताने चुरले जाणारे. पाऊस लागल्यावर थोड्याच दिवसांत त्याच दगडाच्या भेगांतून हिरवी लव वर येते आणि श्रावणाच्या सुमारास तिथे तेरडा फुललेला असतो. बी किंवा मूळ आधीच भेगेत होते. पाऊस त्याला आणत नाही, फक्त उठवतो. फ्रीडरिखच्या गवताचेही तसेच, फक्त त्याने ते उठण्याच्या आधी, पांढऱ्याखालून डोकावतानाच रंगवले.

त्या संध्याकाळी वाचनालयात मी गवताचा उल्लेख करायचे विसरलो होतो. चर्च, क्रूस, कुबड्या यांतच वेळ गेला, आणि बाहेर शेवटच्या बसची वेळ होत आली तसे लोक उठू लागले. आजी वॉकर सरकवत टेबलापाशी आल्या, चष्मा वर केला आणि आधी पहिल्या, बिघडलेल्या प्रतीवर वाकल्या. तिथे त्यांना काही दिसले नाही. मग दुसरीवर वाकल्या आणि खालच्या कडेजवळ नख टेकवून म्हणाल्या, “हे काय आहे, तण?”